दिल्लीच्या बाजारात गाडीचा उंबरठा

घराला उंबरठा असतो, तसा मोटारीलाही असतो. दार उघडून आत पाय टाकण्याआधी खाली जी आडवी पट्टी दिसते, पुढच्या चाकामागून निघून मागच्या चाकापर्यंत जाणारी, तोच तो. घराच्या उंबरठ्यावर बसू नये असे जुन्या बायका सांगत. मोटारीच्या बाबतीत मात्र भलत्या रस्त्याला लागले की गाडीच आपल्या उंबरठ्यावर बसते. पुढचे चाक दगडावरून उतरते, मागचे अजून चढायचे असते आणि मधला दगड नेमका दाराखाली येतो. कर्र असा आवाज होतो, आतले सगळे गप्प होतात, आणि खाली उतरून पाहावे तर पत्रा आत गेलेला. दार उघडताना कुरकुरते किंवा उघडतच नाही. पत्रा ठोकून सरळ करता येतो, पण दार पूर्वीसारखे अलगद लागत नाही ते नाहीच.

हा उंबरठा वाचवण्यासाठी दाराखाली जाड लोखंडी नळ्यांची चौकट बसवतात. हौशी मंडळी तिला ‘रॉक स्लायडर’ म्हणतात, म्हणजे दगडावरून घसरून जायची पट्टी. दिल्लीच्या बाजारात मात्र या नावाखाली काय काय विकले जाईल याचा नेम नाही. कुणी चकचकीत नळी दाखवतो, कुणी अॅल्युमिनियमची पायरी, कुणी प्लास्टिकने मढवलेला पत्रा. दिसायला सगळी एका जातीची. वीस हजारांची वस्तू आणि पाच हजारांची वस्तू शेजारी शेजारी टांगलेली असते, आणि कोणती दगडाला पुरेल हे तिच्या चकाकीवरून कळत नाही.

हा प्रश्न पूर्वी थोड्या लोकांचा होता. लष्कर, वनखाते, चहामळ्यातले साहेब आणि जीपवेडे तरुण एवढ्यांनाच तो पडे. 2 ऑक्टोबर 2020 रोजी महिंद्राची नवी थार विक्रीला आली, जून 2023 मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आली, 15 ऑगस्ट 2024 रोजी थार रॉक्स आली, आणि दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद या सगळ्या पट्ट्यात अशा उंच गाड्या घराघरासमोर उभ्या दिसू लागल्या. नाशिकला तयार झालेली थार द्वारकेच्या सोसायटीत पाहून तिथल्या मराठी माणसाला माहेरचे कुणी भेटल्यासारखे वाटते. जिम्नी तर इथलीच लेक. ती बनते गुडगावात, ज्याला 2016 पासून गुरुग्राम म्हणतात, आणि तिथूनच ती जपानपर्यंत जाते. तिच्याआधी याच गावात 1985 च्या डिसेंबरपासून जिप्सी तयार होत असे. हलकी, उंच, कुठेही चढणारी. तिच्या मऊ पत्र्याच्या उंबरठ्याला दिल्लीतल्या कारागिरांनी किती वेळा नळ्या जोडल्या असतील त्याची मोजदाद नाही. सर्वसामान्यांसाठी जिप्सीची विक्री 2018-19 च्या सुमारास थांबली. तिच्यावर हात बसलेले कारागीर मात्र आहेत.

घर मोठे, पोट खाली

या नव्या गाड्या कुटुंबासाठी लांब केलेल्या आहेत, आणि उंबरठ्याचे दुखणे तिथूनच वाढले. परदेशात विकली जाणारी तीन दारांची जिम्नी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत 2,250 मिलिमीटर आहे. भारतातली पाच दारांची 2,590 मिलिमीटर. म्हणजे मागच्या दारासाठी साधारण 34 सेंटिमीटर लांबी वाढली. त्यामुळे गाडीचे पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन 28 अंशांवरून 24 अंशांवर आला. थारचेही तसेच. तीन दारांची 2,450 मिलिमीटर, तर रॉक्स 2,850. दोन बांबूंच्या टोकांवर दोरी बांधावी आणि बांबू लांब लांब न्यावेत, म्हणजे मधली दोरी जशी जमिनीकडे झुकते, तसा हा हिशेब आहे. मागे मुलांना आणि आजीला ऐसपैस जागा झाली आणि तेवढाच गाडीचा मधला भाग दगडाच्या जवळ गेला.

जाहिरातीत जमिनीपासूनची उंची मोठ्या आकड्यात छापतात. थारची 226 मिलिमीटर, जिम्नीची 210. पण उंबरठा टेकतो तो सपाट जमिनीवर नव्हे, उंचवट्यावर. तिथे उंचीइतकीच लांबी महत्त्वाची. शोरूममधला विक्रेता हे आपण होऊन सांगत नाही. विचारले तर सांगतो.

आणि दिल्लीत उंचवटे शोधायला डोंगरात जावे लागत नाही. वसाहतींच्या तोंडाशी रहिवाशांनी स्वतःच घातलेले गतिरोधक, दुभाजकाच्या कठड्यावरून गाडी वळवण्याची खोड, पाऊस पडला की पाण्याखाली गेलेला फुटपाथाचा काठ, यांनी दबलेले उंबरठे दिल्लीत पुष्कळ दिसतात. त्यांना लोखंडी चौकटीपेक्षा थोडा सबुरीचा चालक स्वस्त पडला असता, पण सबुरी बाजारात मिळत नाही.

करोलबागेतली चकाकी

खरेदीला निघालेला माणूस पहिल्यांदा जातो तो करोलबागेत. मेट्रोतून उतरताना 108 फुटी हनुमानाची मूर्ती दिसते. तिला नमस्कार करून गल्ल्यांत शिरले की दुतर्फा गाड्यांचे सामान. सीटकव्हर, दिवे, भोंगे, टपावरच्या जाळ्या आणि ओळीने टांगलेल्या पायऱ्या. करोलबाग आणि शेजारचे पहाडगंज हे दिल्लीकर मराठी माणसाचे जुने मोहल्ले. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. तेव्हा दिल्लीत नवीन आलेल्यालाही इथे वाट विचारायला कुणी तरी ओळखीचे सापडते. सोमवारी मात्र जाऊ नये, बाजार बंद असतो.

इथली पायरी तासाभरात रस्त्यावरच बसवून मिळते. तोवर चहा येतो. दिसायला ती सुरेख असते, आणि आजी-आजोबांना चढायला खरोखर उपयोगी पडते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त ती पायरी आहे, ढाल नाही, हे घेणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. बहुतेक पायऱ्यांच्या आत पातळ अॅल्युमिनियम किंवा दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा असतो आणि ती तीन-चार लहान कोनांवर लटकते. माणसाचे साठ-सत्तर किलो वजन ती पेलते. पण जिम्नीसारखी हलकी गाडी घेतली तरी रिकामी बाराशे किलोच्या आसपास भरते. तिची एक बाजू दगडावर आली की त्या पायरीवर सहाशे किलोंची बैठक होते, तीही धक्क्यासह. मग पायरी वर दुमडते आणि ज्या उंबरठ्याला वाचवायचे त्याच्यातच घुसते. पायरी नसती तर एक पोचा पडला असता. पायरीमुळे तीन पडतात.

ओळखायची एक सोपी खूण आहे. दुकानदाराला विचारावे, या नळीखाली जॅक लावून गाडी उचलता येईल का? जी वस्तू खरीच दगडासाठी केली आहे ती बनवणारा लगेच हो म्हणतो, आणि बसवल्यावर उचलूनही दाखवतो. पायरीवाला हसून विषय बदलतो.

लोखंड कुठून येते

करोलबागेत तयार माल मिळतो. लोखंड कळते ते काश्मिरी गेट आणि मायापुरीत.

काश्मिरी गेटच्या दरवाजाला 1857 च्या लढ्याचा इतिहास आहे. सप्टेंबर महिन्यात इंग्रजांनी हा दरवाजा सुरुंगाने उडवून शहरात प्रवेश केला. आता तिथे सुट्या भागांचे बाजार आहेत. एकेका बोळात एकेकच वस्तू. कुठे नुसत्या बेअरिंगा, कुठे नुसते क्लच, कुठे बोल्ट. गाडीची चौकट बनवून घ्यायची असेल तर चांगल्या प्रतीचे बोल्ट इथे निवडून घ्यावेत. कारागीर सहसा हाताला येईल तो बोल्ट लावतो. बोल्टाच्या माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो, त्यात 10.9 अधिक मजबूत. आकडा नसलेला बोल्ट पाळण्याला लावावा, गाडीला नको. हा बाजार रविवारी बंद असतो.

मायापुरीची गोष्ट वेगळी. पूर्वी मोडीचे सामान पहाडगंजाला लागून असलेल्या मोतिया खानमध्ये विकले जाई. लष्कराने काढून टाकलेल्या जीपांचे सांगाडे, इंजिने, दांडे घ्यायला पंजाब-राजस्थानातून लोक तिथे येत. 1970 च्या दशकात हा बाजार शहराच्या पश्चिमेला मायापुरीत हलवला गेला. आज तिथे गाडी आख्खी जाते आणि सायंकाळपर्यंत तिचे दार एकीकडे, चासी दुसरीकडे, काच तिसरीकडे अशी वाटणी होते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिला दुजोरा दिला आणि 2025 मध्ये त्यात फेरबदलही झाले. पण त्या बंदीच्या धास्तीने कितीतरी जिप्सी दिल्ली सोडून गेल्या किंवा मोडीत निघाल्या. जुन्या जिप्सीचा दांडा नव्या गाडीची ढाल होऊन परत रस्त्यावर येतो, यात कुणाला गंमत वाटेल, कुणाला वाईट.

पण मोडीतले लोखंड पारखूनच घ्यावे. ते कुठून आले आणि आधी काय सोसून आले हे ते सांगत नाही. याची भयंकर आठवण मायापुरीत आहे. दिल्ली विद्यापीठातले वर्षानुवर्षे न वापरलेले एक यंत्र 2010 च्या फेब्रुवारीत लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारात आले. आत कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. कामगारांनी ते फोडले. एप्रिलमध्ये काही जण रुग्णालयात दाखल झाले आणि एकाचा मृत्यू झाला. ज्यांनी हातांनी ते उचलले त्यांना हे लोखंड की आणखी काही, हे कुणी सांगितलेच नव्हते. गाडीच्या नळीत असला धोका नसतो हे खरे. पण आतून गंजलेली, एकदा वाकवून सरळ केलेली नळी रंग दिल्यावर नवीच दिसते. चौकटीसाठी नवी नळी घ्यावी, तिच्यावर वाचणारे पैसे फार नसतात.

नळी मागतानाही थोडी भाषा लागते. दुकानात ‘दीड इंची’ म्हणून जी मिळते तिचा बाहेरचा व्यास असतो सुमारे 48 मिलिमीटर, आणि ‘दोन इंची’चा सुमारे 60. नळाच्या मापाची ती जुनी पद्धत. दोन्हींची जाडी सारखी, साधारण सव्वातीन मिलिमीटर धरली, तर दोन इंची नळी वाकायला दीड इंचीच्या दुप्पट कठीण असते, वजन मात्र पाव हिस्साच वाढते. म्हणून जाडी वाढवण्याआधी व्यास वाढवावा. पण फारच पातळ नळी वाकत नसली तरी टोकदार दगडाने पिचकते, तेव्हा तीन मिलिमीटरच्या खाली उतरू नये. पाण्याच्या नळांसाठी आयएस 1239 आणि बांधकामाच्या नळ्यांसाठी आयएस 1161 अशी भारतीय मानके आहेत. दुसरी मागावी. जस्त चढवलेली पांढरी नळी तर वेल्डिंगसाठी घेऊच नये. तिचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत जातो, आणि तो मुलगा बहुधा तोंडाला नुसता रुमाल बांधून बसलेला असतो.

कारागिराजवळ उभे राहून

नळी आली, बोल्ट आले, आता बसवायचे कुठे? सगळ्यात मोठी चूक इथे होते.

थार, जिम्नी, जुनी जिप्सी, गुरखा या गाड्यांत खाली लोखंडी शिडीसारखी चासी असते आणि तिच्यावर रबराचे ठोकळे ठेवून वरचे शरीर बसवलेले असते. बैलगाडीची साटी आणि वरची ताटी वेगवेगळी असावी तसे. खाचखळग्यांत चासी पिळवटते, वरचे शरीर तितके पिळवटत नाही. रबर मध्ये तडजोड करते. म्हणून चौकट फक्त चासीला धरली पाहिजे आणि उंबरठ्यापासून बोटभर अंतर राखले पाहिजे. घाईतला कारागीर एक टोक चासीला आणि एक उंबरठ्याला अडकवतो. घट्ट बसल्यासारखे वाटते. चार महिन्यांनी दारे वाकडी लागू लागतात आणि दोष कंपनीला दिला जातो.

ज्या गाड्यांना वेगळी चासीच नाही, आणि हल्लीच्या बहुतेक शहरी एसयूव्ही तशाच आहेत, त्यांच्यात उंबरठा हेच गाडीचे हाड असते. तिथे अशी चौकट लावायला भक्कम जागा नाही. अशा गाडीच्या मालकाने पैसे वाचवावेत आणि दगडाला वळसा घालावा.

चासीला वेल्डिंग करावे की बोल्टने आवळावे, यावर जाणत्यांत वाद आहेत. वेल्डिंग पक्के खरे, पण त्याच्या उष्णतेने चासीचे पोलाद जोडाशेजारी बदलते, आतला गंजरोधक लेप जळतो, आणि कंपनीची हमी बहुधा त्याच दिवशी संपते. चासीच्या कडेने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यांच्याजवळ ठिणग्या उडवणे म्हणजे चुलीशेजारी रॉकेल ठेवणे. कुटुंबाच्या गाडीला बोल्टच बरे. दर बाजूला चार पाय असावेत, पायाची पाटी दोन सुतांची म्हणजे साधारण 6 मिलिमीटरची असावी, आणि चासीत नवी भोके पाडण्याऐवजी कंपनीनेच ठेवलेल्या छिद्रांचा किंवा चासीला मिठी मारणाऱ्या पाट्यांचा उपयोग करावा. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून नळीला खालून बारीक छिद्रे हवीत. नाहीतर दिल्लीचा जुलै-ऑगस्ट नळीतच साचून राहतो आणि ती आतून गंजत जाते. कोकणात गाडी नेणाऱ्याने तर हे विसरूच नये.

आता वजन. दीड इंची दुहेरी नळी, पाय आणि पाट्या धरून दोन्ही बाजूंची चौकट चाळीस ते पन्नास किलो होते, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या भरलेल्या दीड सिलिंडरांएवढी. जिम्नीचे भरलेल्या गाडीचे कमाल वजन 1,545 किलो ठरवून दिले आहे. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले तर माणसे आणि सामान मिळून साडेतीनशेच्या आत उरतात. चार मोठी माणसे बसली की अडीचशे-पावणेतीनशे तिथेच गेले. उरलेल्यात चौकट की तंबू-सामान, हे घरी बसून ठरवावे लागते. टपावर जाळी, मागे दुसरे चाक, पुढे दोरखेचे यंत्र असे सगळे चढवलेली गाडी दिसते रुबाबदार. तिच्यात मुलांना बसवले की स्प्रिंगा टेकतात.

आजीचा गुडघा

आणि एवढे सगळे ठरत आले की घरातून प्रश्न येतो, मग आईंनी चढायचे कसे?

हा प्रश्न बाजारात कुणी विचारत नाही, आणि खरे तर सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. दगडासाठी बनवलेली चांगली चौकट उंबरठ्याला लगटून, होईल तितकी वर असते. खाली लोंबली तर तीच आधी टेकेल. चढण्यासाठीची चांगली पायरी मात्र खाली हवी, जमीन आणि गाडी यांच्या अध्येमध्ये. एकाच नळीने दोन्ही कामे पुरी होत नाहीत. बाजार दोन्हींचे आश्वासन देतो आणि मधली उंची ठेवतो. मग दगडही लागतो आणि गुडघाही दुखतो.

साडी नेसणाऱ्या बाईला त्या उंच गाडीत चढताना पाहिले की हे कळते. एक हात दाराला, एक हात सीटला, पदर सांभाळायला तिसरा हात नाही. ज्या घरात अशी आई, आजी आहे आणि गाडी वर्षभर दिल्लीच्या रस्त्यांवरच फिरणार आहे, त्या घराने खुशाल खालची पायरी घ्यावी. खडबडीत नक्षीच्या पत्र्याची, पावसात न घसरणारी, मागच्या दारापर्यंत पोहोचणारी. काही पायऱ्या पुढच्या दारापाशीच संपतात आणि आजी मागे बसते. ज्यांना दगडांत जायचेच आहे त्यांनी चौकट वर ठेवावी, तिच्यावर दोन नळ्यांच्या मध्ये नक्षीचा पत्रा बसवावा आणि मागे एक घडीचा स्टूल टाकावा. दाराच्या खांबाला धरायची मूठ लावून घेतली तर निम्मे काम होते. स्टुलाचा सल्ला ऐकून हौशी मंडळी नाक मुरडतात. आजी मुरडत नाही.

चौकट फार बाहेर काढण्याची हौसही काहींना असते. बाहेर आलेली नळी दगडाला दारापासून दूर ठेवते हे खरे, आणि म्हणूनच मागच्या चाकाजवळ ती जराशी बाहेर वाकवतात. पण दिल्लीच्या गर्दीत तिच्या शेजारी स्कूटरवाल्याची पोटरी असते. टायरच्या रेषेबाहेर ती जाऊ नये आणि तिचे टोक उघडे, धारदार राहू नये.

कायद्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी ठाम शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून गाडीपुढच्या लोखंडी कठड्यांवर कारवाई करायला सांगितले, कारण ते पादचाऱ्याला घातक आणि गाडीतल्या माणसालाही अपायकारक. त्या पत्राचा रोख पुढच्या कठड्यांवर होता. दाराखालच्या चौकटीने गाडीची रुंदी वाढत नसेल तर वाद कमी होतो, पण नोंदणीत गाडीचे वजनही लिहिलेले असते हे लक्षात ठेवावे. दुकानदार म्हणतो, काही होत नाही, सगळे लावतात. पावती मात्र तो ‘सामान’ एवढ्याच नावाने देतो. कंपनीच्या अधिकृत यादीतली वस्तू घेतली तर ही चिंता पुष्कळ कमी होते. बाहेरून बनवली तर आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवून बनवावी. न कळवता बनवली आणि पुढे अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

दगड कुठे आहेत?

दिल्लीजवळचे दगड म्हणजे अरवली. गुडगाव-फरिदाबादच्या मध्ये, मांगर, धौज, दमदमा, सोहना या बाजूला गारगोटीसारखा कठीण, धारदार खडक आहे. जगातल्या फार जुन्या पर्वतांपैकी हा एक, आता झिजून टेकड्यांएवढा उरलेला. रविवारी पहाटे उंच गाड्यांच्या रांगा तिकडे जात असत, अजूनही काही जातात. पण ही जागा मोकळे रान नाही. 1900 सालच्या पंजाब भूसंधारण कायद्याखाली यातली बरीच जमीन संरक्षित आहे, आणि जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विशेष आदेशांखालची जमीन वनच मानावी असा निकाल दिला. या टेकड्या खाणींनी आधीच पोखरल्या होत्या. 2002 आणि 2009 च्या न्यायालयीन आदेशांनी खाणी थांबल्या, तेव्हा कुठे झाडे पुन्हा धरू लागली. मांगर बनी हे तर देवराईच आहे. आपल्याकडे कोकण-मावळात जशा देवाच्या नावाने राखलेल्या राया असतात, तशीच. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या धाऊच्या झाडाची फांदी तोडली नाही. बिबट्या अजून त्या भागात आहे. तिथल्या ओढ्यात चाके फिरवली की जी माती सुटते ती पुन्हा बसायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. चाचणीच घ्यायची असेल तर गुडगाव-मानेसर भागात खासगी जमिनीवर आखलेले मार्ग आहेत. पैसे देऊन तिथे तासभर गाडी घासावी.

खरे काम पडते ते पुढे, हिमाचलात. दिल्लीहून निघालेली मंडळी मनालीला जातात, तिथून 2020 साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे उतरतात आणि कोकसरवरून ग्राम्फूला येतात. ग्राम्फूपासून स्पितीचा रस्ता फुटतो. चंद्रा नदीच्या काठाने छत्रूवरून बातलपर्यंतचे ते सुमारे पन्नास किलोमीटर म्हणजे नदीने आणून टाकलेले धोंडे आणि त्यांच्यामधून काढलेली वाट. दुपारी बर्फ वितळले की ओढे रस्त्यावरून वाहू लागतात आणि पाण्याखाली कुठला दगड केवढा आहे ते दिसत नाही. गाडी पहाटे काढावी ती त्यासाठी. इथे एखाद्या ओढ्यात पुढचे चाक घसरते, गाडी डावीकडे कलते आणि चौकटीवर टेकून थांबते. जाड नळीवरून ती हळूच पुढे सरकते, खाली एक चंदेरी ओरखडा उठतो, दारे उघडतात. पातळ पायरीवर ती टेकली असती तर मागचे दार उघडले नसते, आणि गॅरेज तिथून काझाला किंवा मनालीला. मध्ये आहे ती साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड, नाहीतर आल्या वाटेचे तेच धोंडे.

असा प्रवास वर्षातून एकदा तरी करणाऱ्या घराला चाळीस-पन्नास किलोंचे ओझे परवडते. ज्यांची गाडी नोएडा ते कॅनॉट प्लेस एवढीच धावते, त्यांना ते रोज पेट्रोल घालून वाहावे लागते.

परत आल्यावर गाडी धुऊन घ्यावी, खाली वाकून ओरखड्यांवर रंग द्यावा आणि चौकटीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण दगडांत ते सैल होतातच. बहुतेक जण रविवारी रात्री दिल्लीत पोहोचतात. करोलबाग सोमवारी बंद, तेव्हा मंगळवारी.